शिकागोच्या नगरवित्तातील संकेतार्थ

‘नवा कर नाही’ हे ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’च्या पुरस्कर्त्यांचे नागरिकांना ठरलेले उत्तर होय. ते कितपत खरे, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिकागोच्या मध्यवर्ती ‘लूप’ भागात ही योजना १९८४ साली आली. नेमलेल्या क्षेत्रातील मालमत्तेचे करपात्र मूल्य गोठवावयाचे आणि पुढील वाढीवर येणारा कर २३ वर्षेपर्यंत पुनर्विकासाच्या निधीत टाकावयाचा, अशी तिची रीत. ती वाढ योजनेमुळेच झाली असेल, तर शाळांचे वा काउंटीचे काही गेले असे म्हणता येत नाही. म्हणूनच योजना नसती तर विकास झाला नसता, असा निष्कर्ष नोंदविण्याची अट इलिनॉय राज्याच्या १९७७ च्या कायद्यात आहे. आपले वैयाकरण ज्यास संकेतार्थ म्हणतात, तो हाच. जे घडलेच नाही त्याविषयी हे रूप बोलते. त्याचा पडताळा कोण व कसा घेणार? केवळ महागाईने चढलेले मूल्यही याच निधीच्या पदरात पडते. शिवाय शाळांची मागणी कायम राहिली, की उरलेल्या मूल्यावर कराचा दर चढतो. तेव्हा कर नवा नसेल. पण क्षेत्राबाहेरच्या घरमालकाचे देणे वाढते, आणि उत्तर देणारे नेमके याविषयी मौन पाळतात.

लूपमधील ‘ब्लॉक ३७’ या चौकावरील इमारती १९८९ मध्ये पाडल्या गेल्या. तेथे बाजारसंकुल उघडले ते २००९ मध्ये. लूपच्या योजनेची मुदत त्याआधीच, २००८ मध्ये, संपली होती.