शिलालेखातला शिपाई

युद्धस्मारक हे शिल्प असते, तसेच ते लेखही असते. आणि लेख म्हटला की त्याचे गुणदोष पाहणे टीकेच्या अधिकारात येते. स्मारकापुढे माथा टेकणारे पुष्कळ. ते वाचणारे थोडे.

आपल्याकडील सर्वांत जुना पाठ वीरगळाचा. खालच्या चौकटीत झुंज, तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, माथ्याशी शिवलिंगाची पूजा. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. वीराचे नाव लोपले. परंतु गावात त्याची जागा राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने खेडोपाडी पाट्या बसविल्या. त्यांची भाषा हिशेबाची: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. अशा पाटीवर गाव असते, आकडा असतो, माणूस नसतो.

दिल्लीचे इंडिया गेट १९३१ साली उघडले. त्याच्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. २०१९ साली त्याच्याजवळच राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. तेथे स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांवर नावे कोरली आहेत. येथे माणूस आहे, पण गाव नाही. आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींस पलटणीवरून आपला माणूस ओळखू येतो. तो कोणत्या शिवारातला, हे मात्र दगड सांगत नाही.

ही उणीव भरून काढली आहे ती एका रुक्ष नोंदवहीने. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत पुष्कळ हिंदी शिपायांपुढे बापाचे नाव, पत्नीचे नाव, गाव व जिल्हा लिहिलेला आढळतो. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणून त्यांचे गाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना पदक मिळाले नाही, त्यांचे गाव पुष्कळदा केवळ त्या वहीतच उरते. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. नोंदवही स्मारकाहून सरस ठरावी, याचे आम्हांस नवल वाटत नाही. ‘अमर’, ‘हुतात्मा’ ही विशेषणे सर्वांना सारखीच लागू पडतात. बापाचे नाव एकालाच.

हे शिपाई परक्या साम्राज्यासाठी लढले, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. पण युद्ध कोणाचे होते याचा निवाडा इतिहासाने करावा. मुलगा कोणाचा होता, हे सांगण्याचे ऋण गावाचे आहे. साम्राज्याने त्यांचा आकडा केला. स्वतंत्र देशानेही तो आकडाच ठेवावा, हे शोभत नाही.

म्हणून नव्या चबुतऱ्यांपेक्षा जुन्या पाट्यांखाली मोकळी असलेली जागा आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथे नावे लिहावीत, बापासकट, मराठीत.