आचारी की आचार्य? संगणकातील मराठी अक्षरांचे एक परीक्षण

‘आचार्यांना नमस्कार सांगा’ आणि ‘आचाऱ्यांना नमस्कार सांगा’. पहिल्या वाक्यातला नमस्कार गुरुजींना पोचतो, दुसऱ्यातला स्वयंपाकघरात. फरक एवढाच, की पहिल्या शब्दात ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात तो ‘य’च्या डाव्या अंगाला चिकटतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचीही तीच गोष्ट. प्राथमिक शाळेतल्या मुलाला हा भेद फळ्यावर दोन मिनिटांत समजावता येतो. संगणकाला तो समजावताना किती खटाटोप झाला आणि तो कुठे अपुरा राहिला, हे येथे तपासायचे आहे. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. ज्या आज्ञावलींच्या आधारे आपण रोज मराठी लिहितो त्यांचेही व्हायला हवे, असे आम्हांला वाटते.

मुळात संगणकाला अक्षर कळत नाही, कळतात फक्त आकडे. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर, हा सर्वांनी मिळून करायचा करार आहे. अक्षराचे चित्र काढणे हे फॉन्टचे काम. करार आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न ओळखल्यामुळे मराठीचे मोठे नुकसान झाले. जुन्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांचे आकडे उसने घेऊन त्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर मराठी दिसे, पण पोटात रोमन अक्षरेच. मुलुंडला राहणाऱ्या आमच्या एका शिक्षिका-स्नेह्यांनी पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच फॉन्टमध्ये जपून ठेवल्या होत्या. संगणक बदलला, फॉन्ट गेला, आणि उरली अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. कागदावर लिहिल्या असत्या तर आज वाचता आल्या असत्या!

या गोंधळावर उपाय म्हणून करार झाले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही संकेतावली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली आहे. देवनागरीच्या मुख्य विभागाला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. ‘क’चा आकडा २३२५, मग तो बोरिवलीत लिहिलेला असो की बॉस्टनमध्ये.

या कामात मुंबईच्या उपनगरांचा वाटा मोठा आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनेक वर्षे अध्यापन केले आणि नंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांचे फॉन्ट आखले. विंडोज २००० बरोबर घराघरांत गेलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. पुढे मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’सारखे फॉन्ट कोणालाही वापरता, तपासता आणि सुधारता येतील अशा परवान्यावर खुले केले. हे श्रेय आधी देऊन मग दोषांकडे वळू.

दोष आपल्या ‘दऱ्या’मध्येच आहे. ‘र्य’ या जोडाक्षराचे आकडे असे: र २३५२, हलन्त २३८१, य २३५१. मग ‘ऱ्य’ कसे लिहायचे? द्राविडी भाषांतील कठोर ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ योजलेला होता. त्याचा आकडा २३५३. त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा हा ‘र’, असे युनिकोडने ठरवले. परंतु जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरी रीतही चालू ठेवली: साधा र, हलन्त, त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह आणि मग य. दोन्ही रीतींनी पडद्यावर उमटते तेच अक्षर, पण पोटातले आकडे निराळे. परिणाम? एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधला तर साध्या आज्ञावलीला सापडत नाही. बरे, शोधताना ते अदृश्य चिन्ह गाळावे, तर मागे उरतो ‘दर्या’! डोंगर शोधायला गेलेला माणूस समुद्रावर पोचतो.

‘ॲ’ची कथाही अशीच. तो युनिकोडमध्ये आला २००८ साली; आकडा २४१८. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत होते. त्यामुळे ‘ॲसिड’ आणि ‘अॅसिड’ हे संगणकाच्या लेखी आजही दोन शब्द आहेत.

आता हे मुळातूनच दुरुस्त का करत नाहीत? कारण एकदा दिलेला आकडा काढून घ्यायचा नाही, असा युनिकोडचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. नाहीतर जुने सगळे लेखन पुन्हा निरर्थक होईल. म्हणून दुरुस्ती करायची ती कळफलकात आणि शोधण्याच्या आज्ञावलींत. लिहिताना एकच रीत वापरावी, शोधताना दोन्ही रीती एक मानाव्यात. हे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. अडते ते हे सांगणारे कोणी नसते म्हणून. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या खुल्या आज्ञावलींच्या दोषनोंदवह्या सर्वांना उघड्या आहेत. पण तिथला व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला आचारी आणि आचार्य यांतला भेद ठाऊक असेलच असे नाही. ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक मात्र ‘संगणकात मराठीचे असेच असते’ म्हणून गप्प बसतो. आमच्या मते खरी उणीव ही आहे, आणि तिची जबाबदारी दोन्हीकडे सारखी आहे.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. वर्गात मुलांना ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘आचाऱ्यांना’, ‘ॲसिड’ हे शब्द आपापल्या घरच्या फोनवर आणि शाळेच्या संगणकावर लिहून एकाच फाइलीत आणायला सांगावे. मग तेच शब्द त्या फाइलीत शोधावेत. किती सापडले, किती निसटले, कुठल्या कळफलकाचे निसटले, याचा तक्ता करावा. वरच्या वर्गातील मुलांना प्रत्येक शब्दाचे आकडेही काढून पाहता येतील. निरीक्षण, नोंद आणि तुलना ही विज्ञानाची पद्धत शिकवायला यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. तो तक्ता इंग्रजीच्या शिक्षकांच्या मदतीने चार वाक्यांत मांडून दोषनोंदवहीत घालावा. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या समाजात शिरायला तेवढे पुरते.

जुन्या प्रश्नपत्रिकांचे काय? तो जुना फॉन्ट कुठल्या जातीचा आहे हे कळले, तर त्या युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावली मिळू शकतात. मुलुंडच्या बाईंच्या काही प्रश्नपत्रिका अशा परत आल्या. त्या आम्ही तपासल्या. ‘दऱ्या’चे सगळीकडे ‘दर्या’ झाले होते. ते बाईंनी एकेक करून हाताने दुरुस्त केले.