२१६१ : एका आकड्याची उलटतपासणी

किनाऱ्यावरच्या गावांवर प्रपोजल लिहिताय ना? मग पहिल्या पानावर १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या असणारच. असू दे. पण ती वाचून गावात कुणाचं घर बांधायचं थांबत नाही. थांबतं ते सीआरझेड अधिसूचनेमुळे. तर आज तीच वाचू.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार घनता दर चौ. किमी.ला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ‘तीन-अ’, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. बाकी सगळं ‘तीन-ब’, तिथे पूर्वीसारखेच २०० मीटर. (तीन-अ मध्येसुद्धा आराखडा मंजूर होईपर्यंत २०० च.) हेतू वाईट नाही. दाटीच्या गावात लेकाचं लग्न झालं की वेगळी खोली काढायची कुठे, हा प्रश्न खराच आहे.

पण २१६१ च का? अधिसूचना कारण देत नाही. २१५० वाल्या गावाचं काय चुकलं?

त्याहून मोठी गडबड भागाकारात आहे. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची घनता होती १९७, सिंधुदुर्गची १६३. जिल्ह्याची सरासरी सोडा, गावच घ्या. मानूया, गावाचं क्षेत्र ४ चौ. किमी., लोक ३०००. घनता ७५०. पण त्यातले २५०० जण किनाऱ्यालगत अर्ध्या चौ. किमी.त राहतात. तिथली घनता ५०००! डोंगर, सडा, काजूच्या बागा छेदात आल्या आणि भिंतीला भिंत लागलेला कोळीवाडा कागदावर विरळ झाला. आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘एकक बदललं की निष्कर्ष बदलतो’ असं घोकतो, ते हेच.

शिवाय मोजणी २०११ ची. वाढत्या गावांसाठीचा नियम, आणि त्यानंतरची वाढ मोजायचीच नाही. २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. घनता माणसं मोजते, काम मोजत नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात ती जागा, मासळी वाळत घालायची जागा, जाळी विणायची सावली: इथे कुणी ‘राहत’ नाही, म्हणून ती मोकळी दिसते. तीन-अ मध्ये सुटलेले १५० मीटर बहुधा हेच. ते कोळ्याच्या वाढीव खोलीलाच मिळतील, हॉटेलला नाही, असं त्या आकड्यात कुठेही नाही.

तुम्ही फील्डवर जाल तेव्हा जनगणनेचा तक्ता न्याच, पण सोबत गावनकाशाही न्या आणि मासळी वाळवणाऱ्या बायकांकडून त्यावर त्यांच्या जागा खुणा करून घ्या. त्या खुणा भरतीरेषेपासून किती मीटरवर पडतात, ते मोजा.