ध्वनिमुद्रिकेतील नाद आणि त्याची प्रतिकृती

एखादी कलाकृती ज्या साधनांनी सिद्ध झाली ती साधने हुबेहूब पुन्हा निर्माण केली, तर ती कलाकृतीही पुन्हा निर्माण होते काय? साहित्यसमीक्षेला हा प्रश्न नवा नाही. आज मात्र तो एका अगदी निराळ्या क्षेत्रात, गिटार वाजविणाऱ्या तरुणांच्या खोल्यांतून, मोठ्या आग्रहाने विचारला जात आहे. आवडत्या वादकाच्या ध्वनिमुद्रिकेतील नाद संगणकावर ॲम्प्लिफायरची प्रतिकृती उभी करून जसाच्या तसा मिळवावयाचा, असा हा उद्योग आहे. त्याकडे केवळ यंत्रांचा छंद म्हणून न पाहता समीक्षेचा एक प्रकार म्हणून पाहावे, आणि त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदाहरणादाखल घेतलेले गीत आमच्या परिसराला सर्वस्वी परके नाही. इंग्लंडमधील ‘द हू’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हूज नेक्स्ट’ या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्या गीताला ‘बाबा ओ’रायली’ हे नाव आहे. त्यातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा आणि ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार. मेहेरबाबांची समाधी अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेस, दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद येथे आहे. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ज्यांनी मौन पाळले, त्यांचे नाव इतक्या गजराच्या गीतास मिळाले आहे. सावेडीतील आमच्या घरी हे गीत अनेक वर्षे ऐकले गेले. त्यातील गिटारचा नाद संगणकावर मिळविण्याचा खटाटोप प्रस्तुत लेखकाने स्वतःच केला.

साधनांविषयी शंका नव्हती. या ध्वनिमुद्रिकेसाठी टाउनशेंडने ग्रेच कंपनीची ‘चेट ॲटकिन्स’ गिटार, तीन दहा-इंची स्पीकर असलेला फेंडर कंपनीचा जुना ‘बँडमास्टर’ ॲम्प्लिफायर आणि आवाज कमीअधिक करणारे एडवर्ड्स पेडल वापरले. हा सारा संच त्याला जो वॉल्श या अमेरिकन गिटारवादकाने भेट दिला होता. रंगमंचावरचे त्याचे हायवॉट ॲम्प्लिफायर याहून पुष्कळ मोठे आणि निराळ्या जातीचे. तेव्हा प्रयोगांतील नाद आणि ध्वनिमुद्रिकेतील नाद एकच समजून चालणारा अनुकर्ता पहिल्याच पायरीवर फसतो.

प्रतिकृती कशी होते, तेही पाहू. एका पद्धतीत ॲम्प्लिफायरच्या विद्युत्-मंडलाची समीकरणे संगणक सेकंदाला हजारो वेळा सोडवीत राहतो. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ठरावीक ध्वनी सोडतात, बाहेर काय येते ते टिपतात आणि दोहोंतील संबंध संगणकास शिकवितात. स्पीकर, त्याची पेटी व समोरचा मायक्रोफोन यांचा गुणधर्म एका क्षणिक आघाताच्या प्रतिसादातून स्वतंत्रपणे नोंदला जातो. रोलंड कंपनीचे १९९५ मधील आणि लाइन सिक्स कंपनीचे १९९८ मधील यंत्र हे या मार्गावरील आरंभीचे टप्पे होत. आजची साधने इतकी सूक्ष्म आहेत की यंत्र आणि प्रतिकृती यांतील भेद डोळे मिटून ओळखणे जाणकारांसही कठीण जावे.

असे असूनही प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न साफ फसला. मिळालेला नाद दाट, गुरगुरणारा आणि मूळाहून कितीतरी अधिक विदीर्ण होता. दोष यंत्राचा नव्हता, स्मृतीचा होता. स्मृतीत राहिलेली गिटार एकटी नव्हती. तिच्याखाली जॉन एंटविसलची बास गिटार आणि कीथ मूनचा ढोलवाद्यांचा भरणा होता, आणि त्या साऱ्यांचे वजन स्मृतीने गिटारच्या खाती जमा केले होते. या गीतात गिटार बऱ्याच उशिरा, पहिला गायलेला भाग झाल्यावर, प्रवेश करते. तिचे सामर्थ्य पुष्कळसे या प्रतीक्षेचे आहे. विदीर्णता निम्म्यावर आणली आणि खालचे स्वर कापले, तेव्हा एकटा ऐकताना नाद उघडाबोडका वाटू लागला. मुद्रिकेबरोबर वाजविताच मात्र तो आपल्या जागी जाऊन बसला.

येथे पाठचिकित्सेशी असलेले साम्य वाचकांच्या ध्यानात येईल. संशोधक पोथीतील एखादे अक्षर बदलून पाहतो व अर्थ लागतो का ते तपासतो. तसाच येथला प्रत्येक फेरफार म्हणजे एक अनुमान असते. अशाच एका अनुमानातून टाउनशेंडच्या जोरकस स्वरजोड्यांचे मर्म उलगडले. त्यांत मुख्यतः षड्ज-पंचम असतात. व्हॉल्व्हवर ताण पडून ध्वनिलहरींची शिखरे छाटली गेली की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा स्वर उमटतो. षड्ज-पंचमांचे प्रमाण दोनास तीन, त्यामुळे फरक येतो एक. म्हणजे न वाजविलेला खालचा षड्ज आपोआप बोलू लागतो. गांधार मिसळला तर असेच उपजलेले स्वर एकमेकांशी भांडू लागतात. तंबोऱ्यातून न छेडलेला गांधार ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही गोष्ट परकी वाटू नये. हे ज्ञान ध्वनिमुद्रिका शंभरदा ऐकून झाले नव्हते. ते प्रतिकृतीच्या खटपटीने झाले.

पण प्रतिकृतीची मर्यादाही येथेच दिसते. तिला साधनाचे वर्तन कळते, वादकाचा निर्णय कळत नाही. तारेवर आघात किती, पेडल कोणत्या क्षणी दाबावयाचे, कोठे थांबावयाचे, हे कोणत्याही समीकरणात नाही. या संदर्भात त्याच गीताचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. व्यक्तीची माहिती इलेक्ट्रॉनिक वाद्यास पुरवावी व त्यातून त्या व्यक्तीचे संगीत निघावे, अशी टाउनशेंडची एक कल्पना होती. मेहेरबाबांच्या नावाचे हे गीत त्या कल्पनेच्या परिसरात जन्मले. प्रत्यक्षात त्याचा आरंभीचा प्रसिद्ध आवर्ती नाद टाउनशेंडने लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर स्वतःच्या हातांनी वाजविला. यंत्राकडून अपेक्षिलेले काम शेवटी हातालाच करावे लागले.

मग हे अनुकरण व्यर्थ मानावे काय? तसे म्हणता येणार नाही. कुमार गंधर्व बालवयात नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत, आणि त्या अद्भुत नकलेनेच त्यांचे नाव झाले. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि कालांतराने जी गायकी सिद्ध केली ती कोणाचीच नक्कल नव्हती. मात्र बालपणी त्यांनी ती नक्कल स्वतःच्या गळ्यातून काढली होती, म्हणूनच ती त्यांच्या अंगी पचली. संगणकावर दुसऱ्याने सिद्ध करून ठेवलेला नाद एका कळीसरशी मिळविणाऱ्यास ही पचनक्रिया टाळता येते. त्याचे नुकसान तेवढेच, पण ते मोठे आहे. टिपांचे पुस्तक वाचून काव्य समजल्याचे समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्यासारखे ते आहे.

तात्पर्य, प्रतिकृतीचे यश मूळाशी झालेल्या एकरूपतेवर मोजू नये. जुना ‘बँडमास्टर’ विकत घेणे ज्यास शक्य नाही अशा सावेडीतील तरुणाला त्याचा स्वभाव घरबसल्या अभ्यासता येतो, हा लाभ लहान नव्हे. पण अभ्यास आरंभ होतो तो फरक ऐकू आल्यापासून. सारे यंत्र जुळवूनही जो अंश उरतो, तोच कलावंताचा होय. तो नेमका कोठे आहे हे दाखवून देणारी प्रतिकृती फसली तरी तिने समीक्षेचे काम केले, असे मानावयास हरकत नाही.