दोन खुर्च्यांमधलं बोलणं

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरच्या आसपासून जाते. पायलट घडवणाऱ्या शाळाही खापरकरांना फार लांब नाहीत. याच खानदेशात, शिरपूरला आणि धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर, मुलंमुली विमान उडवायला शिकतात. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, कॅप्टनच्या परवान्याला १५००. पण नुसत्या लॉगबुकावरून वैमानिकाची पारख होत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ विमान कोसळलं, तेव्हा दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. तरी त्या अपघातानंतर तिथे सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली. खरी पारख कॉकपिटमधल्या बोलण्यात होते.

एअरबस ए-३२०चं साधं उड्डाण घ्या. विमान धावू लागतं. एक जण म्हणतो, ‘वन हंड्रेड’. दुसरा म्हणतो, ‘चेक्ड’. संवाद एवढाच, पण त्यात किती भरलंय! दोघांच्या पडद्यांवरचा वेग जुळतोय, हे त्यातून कळतं. शिवाय उत्तर देणारा शुद्धीवर आहे, हेही कळतं. उत्तरच आलं नाही, तर शेजारचा काय ते समजतो. मग ‘व्ही-वन’. या क्षणापर्यंत कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो, विमान सहवैमानिक उडवत असला तरीही. पुकारा होताच तो हात बाजूला घेतो. आता थांबणं नाही. मला या सगळ्या खेळात ही हालचाल सर्वांत देखणी वाटते. निर्णय पक्का झाल्याचं इतकं स्वच्छ दर्शन दुसरीकडे क्वचितच घडतं.

डावीकडे मुरलेली व्यक्ती, उजवीकडे नवी, ही जोडी आपल्याकडेही जुनीच. १९८५ मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्यासोबत निवेदिता भसीन होत्या, विशीतल्या. फोकर फ्रेंडशिपच्या त्या कॉकपिटमध्ये दोघीही स्त्रिया होत्या, म्हणून ते उड्डाण गाजलं.

या जोडीचा कस कसा लागतो, ते १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कवर दिसलं. विमान सहवैमानिक जेफ्री स्काइल्स उडवत होते. पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कॅप्टन सलनबर्गर यांनी दोन शब्दांत विमान ताब्यात घेतलं, स्काइल्सनी दोनच शब्दांत दिलं. ना प्रश्न, ना मानापमान. सलनबर्गर यांचे एकूण तास १९,६६३. स्काइल्सही १५,६४३ तास उडलेले, पण या ए-३२० जातीच्या विमानावर जेमतेम ३७. कॅप्टननी विमान स्वतःकडे घेतलं, त्यामागे आणखी एक हिशेब होता: स्काइल्स प्रशिक्षण संपवून नुकतेच आले होते, आणीबाणीची चेकलिस्ट त्यांच्या हाताला ताजी होती. म्हणजे अनुभवानं सुकाणू धरलं आणि कोऱ्या प्रशिक्षणानं यादी उघडली. ती यादी मुळात खूप उंचीवर इंजिनं बंद पडली तर काय करायचं यासाठी लिहिलेली. पुरी व्हायला वेळच नव्हता. तरी स्काइल्स एकेक ओळ करत राहिले.

विमान नदीत उतरवायचं ठरतं. पाणी अगदी जवळ आलं असताना कॅप्टन विचारतात, काही सुचतंय का? उत्तर येतं, नाही. या प्रश्नापाशी मी दरवेळी थांबतो. चाळीसेक वर्षं उडलेला माणूस शेवटच्या क्षणीही शेजाऱ्याचं डोकं जमेस धरतो, आणि शेजारी धीर देण्यासाठीसुद्धा खोटं बोलत नाही. धडकेपासून नदीत उतरेपर्यंत २०८ सेकंद, आणि विमानातले १५५ च्या १५५ जण वाचले.

गोंदूरला किंवा शिरपूरला शिकणाऱ्या प्रत्येकानं हे संभाषण मोठ्यानं वाचावं, जोडीदाराला शेजारी बसवून. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळानं ते शब्दशः खुलं ठेवलं आहे.