परदेशी अनुदान आणि दलित कलावंत : काही प्रश्न

कलावंताने परदेशी जावे, तिथल्या कलावंतांशी आणि संस्थांशी संबंध जोडावेत म्हणून पैसा देणाऱ्या योजनांचा आज बराच बोलबाला आहे. आपल्या चळवळीतील तरुण कवी, चित्रकार, शाहीर आणि नाटककारही त्यांकडे आशेने पाहू लागले आहेत. यात गैर काही नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाची वेसही मोकळेपणाने ओलांडता येत नव्हती, त्यांना समुद्र ओलांडण्याचा हक्क आहेच. परदेशी जाणे म्हणजे चळवळीशी बेइमानी, असे म्हणणारा भाबडा तरी आहे किंवा ढोंगी तरी. प्रश्न वेगळा आहे. हा पैसा कोणाला मिळू शकतो, कशासाठी मिळतो आणि घेणाऱ्याकडून काय मागतो? याची तपासणी केल्याशिवाय अशा योजनांचे स्वागत आणि धिक्कार, दोन्ही उथळ ठरतील.

उदाहरणादाखल इंग्लंडची एक योजना घेऊ. आर्ट्स कौन्सिल इंग्लंड आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून २०१२ पासून काही वर्षे ‘आर्टिस्ट्स इंटरनॅशनल डेव्हलपमेंट फंड’ चालवला. इंग्लंडमध्ये राहून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताला दुसऱ्या देशाशी संबंध जोडण्यासाठी १,००० ते ५,००० पौंड मिळत. या योजनेचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पैसा मोठ्या संस्थेच्या तिजोरीत न जाता एकट्या कलावंताच्या हाती पडत होता. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. तो १९८१ साली स्थापन झाला. १९१६ साली वारलेल्या चार्ल्स वॉलेसने ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात जहाजवाहतुकीच्या धंद्यात संपत्ती मिळवली होती. त्या संपत्तीतून हा न्यास उभा राहिला. म्हणजे मुळात या भूमीवर आणि इथल्या माणसांच्या घामावर मिळवलेलाच हा पैसा आहे. तो घेताना कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही.

परंतु पैसा स्वच्छ असला म्हणजे वाट सरळ असते असे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका योजनेचा अर्ज भरण्यासाठी एक तरुण शाहीर माझ्याकडे आला होता. (योजनेचे आणि शाहिराचे नाव इथे महत्त्वाचे नाही.) अर्ज इंग्रजीत होता. ‘आपल्या कलेचे आंतरराष्ट्रीय महत्त्व’ थोडक्यात लिहा, असा त्यात एक रकाना होता. शाहीर म्हणाला, ‘‘सर, महत्त्व मी सांगायचं की ऐकणारानं?’’ पुढे परदेशातील यजमान संस्थेचे पत्र मागितले होते. ज्या ओळखीसाठी अनुदान मागायचे, ती ओळख अर्जाआधीच हवी! त्यानंतर सहा महिन्यांचा बँकेचा व्यवहार. याची बिदागी कार्यक्रमाच्या रात्री रोख हातात पडते आणि चार वाटे होऊन घरी जाते. पासबुकात काय दिसणार? मुक्काम ठरला होता एप्रिलमध्ये. भीमजयंतीच्या सुपाऱ्यांवर ज्याचे निम्मे वर्ष निघते, त्याने एप्रिल सोडायचा म्हणजे वर्षाची भाकरी सोडायची. आणि सर्वांत शेवटी, अनुदान एकट्यालाच होते. तो म्हणाला, ‘‘ढोलकीवाल्याला आणि कोरसला इथं ठेवून मी तिकडं काय दाखवू?’’

या शेवटच्या प्रश्नात मला संपूर्ण समीक्षा सापडली. या योजनांच्या डोळ्यांपुढे कलावंताची एक ठरीव मूर्ती आहे. हा कलावंत एकटा असतो, त्याला इंग्रजी येते, त्याच्याजवळ शिल्लक असते, तो महिनाभर कामावर गेला नाही तरी त्याची चूल पेटते. या मूर्तीची जात अर्जात लिहिलेली नसते. पण आपल्या समाजात ती कोणाच्या घरी वाढते हे आपण सारे जाणतो. आपला जलसा एकट्याचा नाही. जी कला समूहातून जन्मली, तिला एकट्याच्या नावावर तिकीट काढून नेता येत नाही. योजना कोणाला ‘नाही’ म्हणत नाही. दरवाजाची उंची ठरवते, आणि वाकून कोण जाईल ते आपोआप ठरते.

यातला माझा अपराधही सांगितला पाहिजे. अर्ज वजनदार व्हावा म्हणून मी त्यात शाहिराच्या आईची हकीकत घातली. ती माउली गावातली मेलेली ढोरे ओढणाऱ्यांच्या घरची होती. वाचणारा हेलावून जाईल असे चार परिच्छेद मी मन लावून लिहिले. त्याने ते वाचून घेतले, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘हे खरं आहे सर, पण ते इथं नको. गाण्यात आहे.’’ मी ते खोडले. अर्ज पुढे पाठवलाच गेला नाही. त्या दिवशी मला कळले की अनुदान देणाराने मागण्याआधीच आपण आपली वेदना तबकात घालून पुढे करू लागलो आहोत. दलित साहित्यातली वेदना विद्रोहाचे इंधन आहे. ती प्रवेशपत्रिका झाली, की तिच्यातला विद्रोह गळून पडतो आणि मागे दयेची याचना उरते.

मग संबंध जुळतात कसे? आपल्याच इतिहासात याची उत्तरे आहेत.

पहिले उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेला हा माणूस १९६१ साली रशियाला गेला आणि परतल्यावर त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. परंतु रशियाशी त्याचे नाते त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, स्टालिनग्राडच्या पोवाड्याने जोडले होते. मुंबईच्या कामगारांपुढे डफावर थाप मारून त्याने तिथल्या लढाईला आपली लढाई म्हटले. संबंध आधी झाला, प्रवास मागाहून.

दुसरे उदाहरण ‘बलुतं’चे. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली आले. त्याचा फ्रेंच अनुवाद १९९० साली निघाला. इंग्रजी अनुवादाला २०१५ साल उजाडावे लागले. सदतीस वर्षे! फ्रेंच आधी का? कारण गी पॉइतवँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन राहिला, मराठी शिकला, इथल्या खेड्यापाड्यांतील माणसांबरोबर त्याने आयुष्य काढले आणि ‘बलुतं’ आपल्या भाषेत नेले. नामदेव ढसाळ २००१ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात गेले, त्यामागेही ‘गोलपिठा’ची १९७२ पासूनची ताकद आणि दिलीप चित्रे यांच्यासारख्या अनुवादकाची चिकाटी होती. विमानाचे भाडे शेवटी लागते. त्याआधी लागतो तो अनुवादक, त्याचा वेळ आणि त्याचे वेतन. नेमका याच जागी पैसा सर्वांत कमी आहे.

तिसरे उदाहरण बाबासाहेबांचे. ते कलावंत म्हणून गेले नाहीत, विद्यार्थी म्हणून गेले. पण परदेशी जाण्यासाठी मिळालेल्या पैशाविषयी बोलताना १९१३ साल टाळता येत नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार घेतला. १९१७ साली करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले, तेव्हा कोलंबियात शिकलेल्या त्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. राजाची सही होती, पण समाजाची नव्हती! १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःच्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. आणि आंतरराष्ट्रीय संबंध म्हणाल, तर १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, त्याला कोणाचे अनुदान लागले नव्हते. दोन अस्पृश्य समाज एकमेकांना ओळखत होते. त्याच ओळखीतून पुढे १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले.

आता सरकारचे पाहा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५०च्या दशकापासून चालत आली. २०२२ च्या नव्या नियमांत, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. म्हणजे जा, शिका, पण स्वतःच्या घराविषयी तिकडे बोलू नका! एकीकडे परदेशी रसिकाला आमची जखम पाहायची असते, दुसरीकडे आमच्या सरकारला ती झाकायची असते. दोघांच्या मध्ये दलित कलावंताचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे?

तेव्हा या योजनांवर बहिष्काराची भाषा मी करणार नाही. त्यातला प्रत्येक पौंड आणि डॉलर घ्यावा. पण काही मागण्या पुढे ठेवून घ्यावा. अर्ज मातृभाषेत स्वीकारले जावेत. अनुवादासाठी वेगळा आणि पुरेसा पैसा असावा. बुडालेल्या रोजगाराची भरपाई अनुदानातच असावी. समूहाच्या कलेला समूह म्हणून निमंत्रण असावे. आणि निवड समितीत आपली माणसे असावीत. शोभेसाठी एक नको, निर्णय घेण्याइतकी हवीत.

दुसरी जबाबदारी आपली आहे. महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणारे आपले शेकडो प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षाला एका शाहिराची दहा गाणी, एका कवीच्या दहा कविता दुसऱ्या भाषेत नेल्या, तर कोणत्या परदेशी संस्थेची वाट पाहावी लागेल? मी हे इतरांना सांगतो, कारण मी स्वतः ते केले नव्हते. त्या शाहिरासाठी मी अर्ज लिहिला, त्याच्या आईची हकीकत लिहिली. त्याच्या एकाही गाण्याचा अनुवाद केला नाही. तो अर्ज पाठवला गेला नाही याचे दुःख मला नाही. गाणी माझ्या टेबलावर तशीच पडून राहिली, याचे आहे.