कोळशावरचा उपकर: नाव पर्यावरणाचं, काम कशाचं?



मी मारेगावची. आमच्याकडून वणीकडे निघालं की कोळशाचे ट्रक दिसायला लागतात आणि रस्त्याकडेच्या वावरातला फुटलेला कापूस काळपट दिसतो. त्यामुळे पीएच.डी.साठी पर्यावरण कर हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, उत्तर सोपं आहे: कोळशावर कर लागला की प्रदूषण कमी. वाचत गेले तसा हा समज गळून पडला.

आधी तथ्यं बघू. केंद्राने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. नावही ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झालं. कोळसा महागला की सौर आणि पवन ऊर्जा तुलनेने स्वस्त पडते, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण पिगू या अर्थतज्ज्ञाने १९२० मध्ये मांडलेली कसोटी लावा: जो नुकसान करतो, त्याच्याच खर्चात ते धरलं जातं का?

इथे कर टनावर होता, धुरावर नव्हता. गंधकाचा वायू शोषणारी यंत्रणा बसवलेलं वीज केंद्र आणि न बसवलेलं, दोघांनाही तेच ४०० रुपये. मग यंत्रणेवर खर्च कोण करेल? स्वीडनने १९९२ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडवर शुल्क लावलं ते चिमणीतून मोजलेल्या किलोंवर, आणि जमलेली रक्कम ऊर्जानिर्मितीच्या प्रमाणात त्याच प्रकल्पांना परत दिली. स्वच्छ चालणारा कमावतो, धूर सोडणारा गमावतो. आपल्याकडे मात्र वाढीव उपकर ‘कायद्यातील बदल’ म्हणून वीजदरात घालता येत होता. म्हणजे झळ शेवटी ग्राहकालाच.

आता पैशाचं बघा. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यातले राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत गेले सुमारे २९,६४५ कोटी. जुलै २०१७ पासून तर हा उपकर जीएसटी भरपाईचा झाला. राज्यांचा बुडालेला महसूल भरून काढणं, हे त्याचं नवं काम. ‘पर्यावरण’ नावातूनही गेलं.

खरी मेख पुढे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टनामागचे ४०० रुपये रद्द झाले आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वही घ्या. ४०० भागिले ०.१३, म्हणजे साधारण ३,०७७. टनाला याहून स्वस्त कोळशावरचा कर घटला, महाग कोळशावरचा वाढला. आणि स्वस्त कोळसा म्हणजे बहुतेक वेळा जास्त राखेचा, हलक्या प्रतीचा! कराचा एकूण आकडा बघून हे कधीच कळणार नाही.

म्हणून संशोधनाचा प्रश्न ठरवताना कराच्या नावावर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा: कर नेमका कशावर बसतो, शेवटी कोण भरतो, पैसा कुठे जातो. ‘पर्यावरण कराचा परिणाम’ हा प्रबंधाचा विषय होत नाही. ‘२०२५ च्या बदलानंतर वीज केंद्रांनी कोणत्या प्रतीचा कोळसा उचलला?’ हा होतो.

आणि चौथा प्रश्न आमच्या भागातला: ज्याच्या कापसावर धूळ बसते, तो या हिशोबात कुठल्या रकान्यात येतो? मला अजून एकाही तक्त्यात तो रकाना सापडलेला नाही. तुम्ही तुमच्या प्रबंधात तो नक्की ठेवा.